विश्वाची घनता: एकाच आकड्याची तीन उत्तरं आणि डार्क एनर्जीची बातमी

मार्च २०२५ मध्ये एक बातमी जगभर फिरली. डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगाने घडवून आणणारी ती अज्ञात ऊर्जा, हळूहळू कमजोर होत असावी. ॲरिझोनातल्या 'डेसी' या प्रकल्पाने हा निष्कर्ष मांडला आणि सोबत ४.२ सिग्मा असा एक आकडा दिला. मग आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुप्सवर आणि यूट्यूबवर 'आइनस्टाइन चुकला', 'विश्वाचा अंत उलटा होणार' वगैरे सुरू झालं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरी बातमी आली. या निष्कर्षात वापरलेल्या सुपरनोव्हांच्या डेटाचं कॅलिब्रेशन नव्याने केलं गेलं, आणि ४.२ चा आकडा ३.२ वर आला. ही बातमी फारशी कुणी फॉरवर्ड केली नाही.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, खगोलशास्त्रज्ञ नाही. पण डेटा, कॅलिब्रेशन आणि मॉडेल यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो. दोन्ही बातम्यांमागचे पेपर वाचल्यावर एक गोष्ट ठळकपणे दिसली. हेडलाइन डार्क एनर्जीची असली तरी भांडणाचं मूळ एका साध्या, जुन्या आकड्यात आहे: विश्वात द्रव्य किती आहे? म्हणजेच विश्वाची घनता. हा आकडा तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला तर तीन वेगवेगळी उत्तरं येतायत. ती का येतात हे कळलं, की पुढची प्रत्येक हेडलाइन आपली आपल्याला तपासता येते. म्हणून हा लेख.

घनता म्हणजे नक्की किती?

घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान आहे, हे आपण शाळेत शिकलोय. विश्वाच्या बाबतीत अडचण एवढीच की कुठे मोजायचं. आपल्या खोलीतल्या एक घनमीटर हवेत रेणूंची संख्या २५ वर २४ शून्यं एवढी असते. आकाशगंगेत दोन ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत हीच गोष्ट घनमीटरला सरासरी दहा लाख अणूंच्या आसपास येते. आणि दीर्घिकांच्या मधल्या अफाट जागेत जवळजवळ काहीच नाही.

म्हणून विश्वाची घनता काढताना डबा खूप मोठा घ्यावा लागतो, ३० कोटी प्रकाशवर्षांपेक्षाही मोठा. त्या मापावर दीर्घिकांचे पुंजके आणि रिकाम्या जागा यांची सरासरी होऊन जाते आणि विश्व सगळीकडे सारखं दिसायला लागतं. ही सरासरी येते घनमीटरला सुमारे ८.५ भागिले १० चा २७ वा घात, इतके किलो. वजनाच्या भाषेत सांगायचं तर हायड्रोजनचे साधारण ५ अणू.

हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून मी एक छोटा हिशोब केला. आख्खी पृथ्वी काढून टाका आणि तेवढ्याच आकाराची जागा विश्वाच्या सरासरी घनतेने भरा. त्यात किती वस्तुमान मावेल? ९ मिलिग्रॅम. म्हणजे संक्रांतीच्या तिळगुळातले तीन तीळ. तेही डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी धरून! ज्याचे तारे, ग्रह, तुम्ही आणि मी बनलोय ते साधं द्रव्य त्यात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही.

एवढ्या विरळ गोष्टीला महत्त्व कशाला द्यायचं? कारण विश्व तितकंच मोठंही आहे. तीन तीळ पृथ्वीएवढ्या जागेत नगण्य असतील, पण अब्जावधी प्रकाशवर्षांच्या पल्ल्यात त्यांचं एकत्रित गुरुत्वाकर्षण विश्वाचं प्रसरण रोखायला किंवा न रोखायला पुरेसं असतं.

क्रांतिक घनता: सीमारेषेचा आकडा

१९२२ मध्ये रशियन गणितज्ञ अलेक्झांडर फ्रीडमन यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांमधून दाखवलं की विश्व स्थिर असायची गरज नाही, ते प्रसरण पावू शकतं. १९२९ मध्ये एडविन हबल यांच्या निरीक्षणांनी दूरच्या दीर्घिका खरोखरच लांब जातायत हे दाखवलं. मग साहजिक प्रश्न आला: हे प्रसरण थांबेल का?

चेंडू वर फेकला की गुरुत्वामुळे त्याचा वेग कमी होतो. पुरेशा वेगाने फेकला तर तो परत येणारच नाही. विश्वाच्या बाबतीत वेग आपल्याला माहीत आहे, तो म्हणजे हबल स्थिरांक. गुरुत्व किती ते घनता ठरवते. या दोघांचा बरोबर तोल साधणाऱ्या घनतेला क्रांतिक घनता म्हणतात. सूत्रही छोटंच आहे: हबल स्थिरांकाचा वर्ग गुणिले ३, भागिले ८ पाय आणि गुरुत्व स्थिरांक.

प्रत्यक्ष घनता या आकड्यापेक्षा जास्त असेल तर अवकाश गोलाच्या पृष्ठभागासारखं आत वळलेलं, कमी असेल तर घोड्याच्या खोगिरासारखं, आणि अगदी तेवढीच असेल तर सपाट. शास्त्रज्ञ प्रत्यक्ष घनतेला क्रांतिक घनतेने भागतात आणि येणाऱ्या गुणोत्तराला ओमेगा म्हणतात. ओमेगा १ म्हणजे सपाट विश्व.

युरोपच्या प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालांनुसार, दीर्घिकांच्या सर्वेक्षणांची जोड दिली तर, एकूण ओमेगा १ पासून ढळलाच तर जेमतेम ०.२ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या विरळ विश्वाची घनता इतक्या नेमकेपणाने सीमारेषेवर बसते ही गोष्ट स्वतःच चक्रावून टाकणारी आहे. सुरुवातीच्या क्षणी विश्व अतिशय वेगाने फुगलं आणि त्यात कुठलीही वक्रता ताणून सपाट झाली, ही इन्फ्लेशनची कल्पना यावरचं सध्याचं लोकप्रिय उत्तर.

इथे एक बारीक मुद्दा लक्षात ठेवायला हवा. क्रांतिक घनता हबल स्थिरांकाच्या वर्गावर अवलंबून असते आणि त्या स्थिरांकावरच एकमत नाही. प्लँकच्या पद्धतीने तो ६७.४ येतो, तर सुपरनोव्हा आणि सेफिड ताऱ्यांच्या शिडीने मोजणाऱ्या ॲडम रीस यांच्या गटाच्या मते तो ७३. एकक दोन्हीकडे सेकंदाला किलोमीटर, दर मेगापार्सेकमागे. फरक ८ टक्के वाटतो, पण वर्ग केल्यावर क्रांतिक घनतेत १७ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे घनमीटरला ५ अणू की ६ अणू, एवढा.

बेरीज जुळली, पण रकाने?

एकूण बेरीज १ आली म्हणजे काम संपलं असं नाही. ऑफिसच्या खर्चाची टोटल जुळली तरी कुठल्या रकान्यात किती, हे बघावंच लागतं. प्लँकच्या हिशोबात रकाने असे आहेत:

- साधं द्रव्य: सुमारे ५ टक्के
- डार्क मॅटर: सुमारे २६.५ टक्के
- डार्क एनर्जी: सुमारे ६८.५ टक्के

पहिल्या दोन रकान्यांची बेरीज म्हणजे द्रव्याची घनता, ३१.५ टक्के. या लेखात पुढे 'द्रव्याचा वाटा' म्हटलं की हाच आकडा.

डार्क मॅटरची चाहूल फ्रिट्झ झ्विकी यांना १९३३ मध्येच कोमा दीर्घिका समूहात लागली होती, आणि १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि सहकाऱ्यांच्या दीर्घिकांच्या भ्रमणाच्या मोजमापांमुळे ते नाकारणं अवघड झालं. डार्क एनर्जीचा रकाना मात्र १९९८ मध्ये उघडला. सुपरनोव्हांचा अभ्यास करणाऱ्या दोन गटांना दिसलं की प्रसरण मंदावत नाहीये, उलट वाढतंय. त्यासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना २०११ चं नोबेल मिळालं.

पातळ होणारं आणि न होणारं

आता खरा खेळ इथे आहे. विश्व प्रसरण पावतं तेव्हा हे रकाने सारख्या पद्धतीने बदलत नाहीत.

द्रव्य पातळ होतं. दोन दीर्घिकांमधलं अंतर आजच्या निम्मं होतं तेव्हा द्रव्याची घनता आजच्या आठपट होती, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही निम्म्या होत्या. प्रकाश आणखी झपाट्याने पातळ होतो, कारण प्रत्येक फोटॉनची ऊर्जाही ताणली जाऊन कमी होते. त्या काळी त्याची घनता आजच्या सोळापट होती.

डार्क एनर्जीबद्दलचं सर्वांत साधं गृहीतक असं की ती पातळ होतच नाही. जागा वाढली की तीही तेवढीच वाढते आणि दर घनमीटरचा आकडा कायम राहतो. आइनस्टाइन यांनी १९१७ मध्ये वेगळ्याच कारणासाठी समीकरणात घातलेला विश्वस्थिरांक नेमका असाच वागतो. या गृहीतकानुसार सुरुवातीला द्रव्याचं राज्य होतं, ते विरळ होत गेलं, आणि साधारण ३५० कोटी वर्षांपूर्वी डार्क एनर्जीचा रकाना द्रव्यापेक्षा मोठा झाला. पृथ्वी तेव्हा १०० कोटी वर्षांची होती.

'प्रसरण होऊनही घनता कायम' ही कल्पना मराठी वाचकाला नवी नसावी. २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झालेले डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी पुढे नेलेला स्थिर स्थिती सिद्धांत घनतेवरच उभा होता. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेली मूळ कल्पना अशी की विश्व पसरतं, पण नवं द्रव्य सतत निर्माण होत राहतं आणि सरासरी घनता कायम राहते. त्यासाठी फार काही लागत नाही, एका घनमीटरमध्ये साधारण १०० कोटी वर्षांत एखादा अणू पुरतो! हॉइल आणि नारळीकर यांनी या निर्मितीला गणिती चौकट दिली.

हा सिद्धांत मागे पडला तोसुद्धा घनतेमुळेच. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी केली आणि पूर्वीच्या काळात असे स्रोत जास्त दाट होते असं दाखवलं. विश्व सर्वकाळ सारखं असेल तर असं व्हायला नको. मग १९६५ मध्ये कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राऊंड, म्हणजे विश्वाच्या तरुणपणीच्या उष्णतेचा अवशेष सापडला आणि बहुतेकांनी महास्फोटाची बाजू घेतली. नारळीकरांनी मात्र पुढेही, १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बरबिज यांच्यासोबत सुधारित सिद्धांत मांडून, प्रचलित मॉडेलला प्रश्न विचारणं सोडलं नाही.

ही जुनी गोष्ट मी सांगतोय ती एका कारणासाठी. द्रव्याची घनता कायम असते ही कल्पना मागे पडली, पण डार्क एनर्जीची घनता कायम असते ही कल्पना आजच्या प्रमाण मॉडेलच्या मध्यभागी बसलेली आहे. आणि आता मोजमाप तिच्याकडे वळलंय.

डेसी काय मोजतं?

डेसी हे किट पीकवरच्या ४ मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर बसवलेलं उपकरण आहे. त्यात ५,००० ऑप्टिकल फायबर आहेत आणि प्रत्येक फायबर एक छोटा रोबो त्याच्या दीर्घिकेवर नेऊन ठेवतो. एका दमात ५,००० दीर्घिकांचा वर्णपट मिळतो. मे २०२१ मध्ये सर्वेक्षण सुरू झालं. पहिल्या तीन वर्षांच्या डेटात जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वासार आहेत.

या गर्दीत ते एक मोजपट्टी शोधतात. विश्व पहिली ३ लाख ८० हजार वर्षं इतकं उष्ण होतं की त्यात ध्वनीसारख्या लाटा फिरत होत्या. ते थंड झाल्यावर लाटा जिथल्या तिथे गोठल्या. त्यामुळे आज दीर्घिकांच्या जोड्या सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर अपेक्षेपेक्षा थोड्या जास्त सापडतात. ही लांबी म्हणजे विश्वाने स्वतःच ठेवलेली फूटपट्टी. वेगवेगळ्या काळात ही पट्टी किती मोठी दिसते हे बघितलं की कुठल्या काळात प्रसरण किती वेगाने झालं ते कळतं. आणि प्रसरणाचा वेग कळला की फ्रीडमनच्या समीकरणातून घनता काढता येते. म्हणजे डेसी प्रत्यक्षात विश्वाच्या घनतेचा इतिहास मोजतं.

एकाच आकड्याची तीन उत्तरं

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. डार्क एनर्जी कायम आहे असं गृहीत धरा आणि प्रत्येक पद्धतीला स्वतंत्रपणे विचारा, आज द्रव्याचा वाटा किती?

- डेसी म्हणतं २९.७५ टक्के, कमी-जास्त ०.८६
- प्लँक म्हणतं ३१.५ टक्के, कमी-जास्त ०.७
- डार्क एनर्जी सर्व्हेचे सुपरनोव्हा, पहिल्या विश्लेषणात, म्हणत होते ३५.२ टक्के, कमी-जास्त १.७

कुठल्याही दोन उत्तरांमधला फरक एकटा घेतला तर 'चालतं, होतं असं' म्हणता येईल. पण तिन्ही एकत्र ठेवली की एकाच मॉडेलमध्ये बसवणं कठीण जातं.

हे कसं घडू शकतं याला मी मोबाइलच्या बॅटरीचं उदाहरण देतो. समजा, फोन दर तासाला ठरावीकच चार्ज खातो असं तुम्ही धरलंय, आणि त्यावरून बॅटरीची मूळ क्षमता काढायची आहे. सकाळच्या डेटावरून एक उत्तर येतं, दुपारच्या डेटावरून दुसरं, रात्रीच्या डेटावरून तिसरं. क्षमता तर एकच असणार. मग दोनच शक्यता राहतात. एक, चार्ज खाण्याचा दर दिवसभर सारखा नव्हता, म्हणजे तुमचं गृहीतक चुकलं. किंवा दोन, एखाद्या वेळचं मीटर थोडं चुकीचं दाखवत होतं.

विश्वाचंही असंच आहे. प्लँक विश्वाच्या बालपणाकडे बघतो, डेसीचा जोर मधल्या काळावर, आणि सुपरनोव्हांचा अलीकडच्या काळावर. डार्क एनर्जी काळानुसार बदलते असं धरलं, तर द्रव्याचा एकच आकडा तिघांनाही मानवतो. डेसीच्या निष्कर्षाचा गाभा एवढाच आहे. 'डार्क एनर्जी कमजोर होतेय' हे थेट कुणी पाहिलेलं नाही. द्रव्याच्या घनतेची तीन उत्तरं एक करण्याचा तो एक मार्ग आहे. दुसरा मार्ग, एखादं मीटर चुकीचं असणं, अजून खुला आहे.

मीटर तपासल्यावर काय झालं?

डेसी आणि प्लँक यांच्या जोडीला सुपरनोव्हांचा कुठला संच घेता यावर निकाल हलतो. पँथिऑन प्लस हा संच घेतला तर बदलत्या डार्क एनर्जीकडे कल २.८ सिग्मा, युनियन थ्री घेतला तर ३.८, आणि डार्क एनर्जी सर्व्हेचा घेतला तर ४.२. बातम्यांमध्ये गेला तो तिघांतला सर्वांत मोठा आकडा.

सिग्मा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. डार्क एनर्जी खरंच कायम असेल आणि चुका फक्त योगायोगाच्या असतील, तर एवढा फरक दिसण्याची शक्यता किती? २.८ सिग्माला साधारण २०० त एक. ४.२ ला ३७ हजारांत एक. भौतिकशास्त्रात शोध जाहीर करायला ५ सिग्माची प्रथा आहे. पण वाक्यातला 'चुका फक्त योगायोगाच्या असतील' हा भाग महत्त्वाचा. कॅलिब्रेशन सगळीकडे एकाच दिशेने सरकलेलं असेल तर सिग्मा त्याबद्दल काही सांगत नाही. सेन्सरच सरकलेला असेल तर हजार रीडिंग घेऊन सरासरी काढली तरी उत्तर सरकलेलंच येतं, हे आपल्या क्षेत्रात कुणीही सांगेल.

डार्क एनर्जी सर्व्हेच्या संचात अशी एक नाजूक जागा होती. त्यांचे १,६३५ दूरचे सुपरनोव्हा चिलीमधल्या एकाच कॅमेऱ्याने टिपलेले आहेत, पण तुलनेसाठी लागणारे जवळचे सुमारे दोनशे सुपरनोव्हा जुन्या, वेगवेगळ्या सर्वेक्षणांमधले आहेत. २०२४ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज एफस्टाथियू यांनी दाखवलं की दुसऱ्या संचाशी ताडून पाहिलं तर जवळच्या आणि दूरच्या सुपरनोव्हांमध्ये ०.०४ मॅग्निट्यूडची, म्हणजे तेजस्वितेत सुमारे ४ टक्क्यांची तफावत दिसते. त्यावर या गटाने उत्तर दिलं की तफावतीचा मोठा भाग सुधारलेल्या विश्लेषण पद्धतीमुळे आहे, चुकीमुळे नाही.

पण गट तिथे थांबला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिब्रेशन नव्याने करून निकाल आला. सुपरनोव्हांनुसार द्रव्याचा वाटा ३५.२ वरून ३३ टक्क्यांवर उतरला. तो प्लँकच्या जवळ सरकला, आणि बदलत्या डार्क एनर्जीकडचा कल ४.२ वरून ३.२ सिग्मावर आला. बॅटरीच्या उदाहरणातलं एक मीटर दुरुस्त केलं आणि गृहीतकावरचा संशय तेवढ्याने कमी झाला, पण गेला नाही. ३.२ म्हणजेसुद्धा सातशेत एक.

त्याच महिन्यात सोलच्या योन्सेई विद्यापीठातल्या यंग-वूक ली यांच्या गटाने वेगळीच बाजू मांडली. सुपरनोव्हांची तेजस्विता मूळ ताऱ्याच्या वयावर अवलंबून असते आणि ती दुरुस्ती केली तर प्रसरण आताच मंदावू लागलंय, असा त्यांचा दावा आहे. यावर खगोलशास्त्रज्ञांमध्ये तीव्र मतभेद आहेत. तेव्हा याच मीटरची दुरुस्ती उलट दिशेनेही ओढली जाऊ शकते.

मग हे सगळं फुसकं आहे का?

नाही, आणि त्याची कारणं आहेत.

पहिलं, सुपरनोव्हा पूर्ण बाजूला ठेवले, फक्त डेसी आणि मायक्रोवेव्ह बॅकग्राऊंड घेतलं, तरी कल ३.१ सिग्मा आहे. एक वर्षाच्या डेटावर तो २.६ होता. योगायोग असेल तर डेटा वाढल्यावर तो बहुतेकदा विरतो. इथे तो थोडा वाढलाय.

दुसरं, डेसीच्या गटाने विश्लेषण आंधळेपणाने केलं. म्हणजे पद्धत पक्की होईपर्यंत खरा निकाल मुद्दाम स्वतःपासून लपवून ठेवला, आवडतं उत्तर नकळत ओढलं जाऊ नये म्हणून.

तिसरं कारण न्यूट्रिनो. या कणांना थोडं वस्तुमान असतं, म्हणून तेही द्रव्याच्या रकान्यात मोडतात. प्रयोगांवरून तिन्ही प्रकारांची बेरीज किमान ०.०५९ इलेक्ट्रॉनव्होल्ट असायला हवी. डार्क एनर्जी कायम धरली तर डेसी आणि मायक्रोवेव्ह बॅकग्राऊंड मिळून कमाल मर्यादा देतात ०.०६४. म्हणजे न्यूट्रिनोंना जेमतेम जागा उरते. डार्क एनर्जी बदलू दिली की ही कोंडी सैल होते. पुन्हा तेच, द्रव्याच्या रकान्यात काहीतरी जुळत नाहीये.

आणि विरोधातलं एक जड कारणही सांगायला हवं. डेटाला सर्वांत चांगलं जुळणारं चित्र असं की डार्क एनर्जीची घनता आधी प्रसरणासोबत वाढत गेली, मग शिखर गाठून उतरायला लागली. जागा वाढत असताना घनताही वाढणं हे सैद्धांतिक भौतिकशास्त्राला पचायला फार जड आहे. ते खरं असेल तर शोध अपेक्षेपेक्षा मोठा. खोटं असेल तर कुठेतरी मोजमाप सरकल्याची ती खूण.

विश्वाच्या भवितव्याचं काय?

जुन्या पुस्तकांत सोपा नियम असायचा: घनता क्रांतिकपेक्षा जास्त तर विश्व कोसळेल, नाहीतर पसरत राहील. डार्क एनर्जी आल्यापासून हा नियम लागू पडत नाही. विश्व सपाट आहे एवढ्यावरून त्याचं भविष्य ठरत नाही, ते डार्क एनर्जी पुढे कशी वागते यावर ठरतं. ती कायम राहिली तर कित्येक हजार कोटी वर्षांत शेजारच्या मोजक्या दीर्घिका सोडून बाकी सगळ्या आपल्या दृष्टिपलीकडे जातील. ती विरत शून्यावर गेली तर प्रसरण सावकाश होत राहील. ती ऋण झाली तर विश्व परत मिटूही शकतं.

'महासंकोच होणार' म्हणणारे व्हिडिओ हा शेवटचा पर्याय उचलतात. पण डेसीने जे मोजलंय ते भूतकाळातलं आहे. बदल मांडायला दोन आकड्यांचं एक सोपं सूत्र वापरलंय, ट्रेंडलाइनसारखं. ती ट्रेंडलाइन भविष्यात ओढत नेऊन अंत सांगणं म्हणजे तीन महिन्यांच्या विक्रीवरून कंपनीची पुढची पन्नास वर्षं सांगण्यासारखं आहे.

पुढे काय बघायचं?

डेसीचं काम अजून सुरू आहे आणि संपेपर्यंत सुमारे ५ कोटी दीर्घिका आणि क्वासार मोजले जाणं अपेक्षित आहे. जुलै २०२३ मध्ये सोडलेल्या युरोपच्या युक्लिड दुर्बिणीचा विश्वरचनेसाठीचा पहिला मोठा डेटा ऑक्टोबर २०२६ साठी ठरलेला आहे. चिलीमधल्या रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये आली. तिच्याकडून जवळचे आणि दूरचे सुपरनोव्हा एकाच कॅमेऱ्याने टिपले जातील, म्हणजे वर सांगितलेली नाजूक जागाच उरणार नाही.

आपल्या घराजवळचा दुवाही आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींवरून हबल स्थिरांक सुपरनोव्हांची शिडी न वापरता मोजता येतो. २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरून तो ७० च्या आसपास आला, पण चुकीची मर्यादा मोठी होती. जगाच्या या भागात आणखी एक डिटेक्टर आला तर लहरींचे उगम जास्त अचूक सापडतील, आणि क्रांतिक घनता ५ अणू की ६ या वादाला स्वतंत्र साक्षीदार मिळेल.

कुणाला स्वतः हात घालायचा असेल तर डेसीचा पहिला डेटा संच मार्च २०२५ पासून सर्वांसाठी खुला आहे, सुमारे २७० टेराबाइट. सगळा उतरवायची गरज नाही. अंतरांची मोजकी मोजमापं प्रसिद्ध झालेल्या तक्त्यांत आहेत आणि पायथनमधल्या थोड्या ओळींत त्यांच्यावरून द्रव्याचा वाटा काढता येतो.

आणि पुढच्या वेळी 'डार्क एनर्जी' असलेली हेडलाइन दिसली, की तीन प्रश्न विचारा. सिग्माचा आकडा कुठल्या सुपरनोव्हा संचाचा आहे? सुपरनोव्हा वगळून तो किती उरतो? आणि द्रव्याच्या वाट्याची तिन्ही उत्तरं जवळ आली की लांब गेली? ती ३१ टक्क्यांच्या आसपास एकत्र आली तर आइनस्टाइनचा स्थिरांक टिकेल. चांगली मीटरं येऊनही ती वेगळीच राहिली, तर त्या तीन तिळांमधले दोन कशाचे बनलेत हे आपल्याला नव्याने शोधावं लागेल.